लोकरीतल्या किड्याची भावकी

आमच्या घरातलं माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी गेलं असेल तर ते एक कोकरू. शाळेच्या आवारात घुसलं, पोरांच्या कालव्यानं बिथरलं आणि पळत सुटलं ते थेट अकरावीच्या वर्गात. मास्तरांनी त्याला कानाला धरून बाहेर काढलं. घरातल्या माणसांना असं बाहेर काढायची वेळ कधी आली नाही, कारण आत कुणी गेलंच नव्हतं.

आमचं गाव मैंदर्गीच्या पलीकडं. तिकडच्या एसटीवरची पाटी मराठीत असते आणि आतली भांडणं कन्नडमध्ये. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. धंदा मेंढरांचा. पाऊस सरला की आप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे वडील आणि आई, मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते निम्मं वर्ष बाहेरच. ज्याला शेतात खत पाहिजे त्याच्या रानात मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य घ्यायचं, पुढच्या गावाला निघायचं. लहानपणी मीही घोड्यावर, डालातल्या कोंबड्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर हिंडले. त्यामुळं माझं शिक्षण तुकड्यातुकड्यानं झालं. क, ख, ग एका गावात शिकले, त, थ, द दुसऱ्या गावात. मधली ट, ठ, ड कुठल्या तरी उसाच्या फडाजवळ राहून गेली, ती पुढं कधीतरी भेटली.

एका वर्षी रोग आला आणि निम्मा कळप आठवड्याभरात गेला. त्या वर्षी आमच्या चुलीवर नुसत्या ज्वारीच्या कण्या शिजायच्या, आणि तोंडी लावायला अव्वाचं बोलणं असायचं. अव्वा रडत नव्हती, बोलत होती. अव्वा गप्प बसली असती तर आम्हाला भीती वाटली असती. त्याच वर्षी आज्जीनं, म्हणजे आप्पांच्या आईनं, मला घोड्यावरनं खाली उतरवलं. "ही माझ्यासंगं घरी ऱ्हाईल. येक तर माणूस येका जाग्यावर बसून शिकू दे," म्हणाली. मी बसले, आणि बारावी पास होऊनच उठले.

पुढं कॉलेजला जायचं निघालं तेव्हा आप्पांनी अट घातली. अट साधी होती.

"शीक. जितकं शिकायचं तितकं शीक. पर ज्या वर्साला नापास हुशील त्या वर्साला काठी घ्यायची नि मेंढरामागं यायचं. माझा गुडघा आता ऐकत न्हाय."

यात जबरदस्ती काही नव्हती. गुडघा खरंच ऐकत नव्हता. आप्पा एक पाय ओढत कळपामागं चालायचे आणि मी सोलापुरात पंख्याखाली बसून वह्या भरायचे. त्यामुळं नापास व्हायला मला तोंडच नव्हतं.

विषय मी प्राणिशास्त्र घेतला. मला वाटलं, प्राणी म्हणजे मेंढरं, निम्मा अभ्यास झालेलाच आहे. तीन वर्षांत मेंढरू एकदाच आलं, तेही यकृतातल्या कृमीचं राहण्याचं ठिकाण म्हणून.

तिसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी सांगितलं की प्रत्येकानं कीटकांचा संग्रह करायचा. कीटक पकडायचे, वाळवायचे, टाचणीला लावून पेटीत मांडायचे, खाली चिठ्ठीवर नाव आणि ऑर्डर लिहायची. आपण ज्याला गण म्हणतो ते. भुंग्यांची एक ऑर्डर, माश्यांची एक, फुलपाखरं आणि पतंग मिळून एक. पेटी ऑर्डरप्रमाणे लावलेली पाहिजे. "ज्याची पेटी नाही, त्याला प्रॅक्टिकलला बसता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. प्रॅक्टिकल नाही म्हणजे नापास. नापास म्हणजे काठी.

कीटक गोळा करायचे तर आधी कीटक म्हणजे काय ते ठरवायला पाहिजे. आमच्या घरात त्याच्या तीन पद्धती होत्या. अव्वाचं माहेर कर्नाटकातलं. तिच्याकडं एकच शब्द, हुळ. मुंगी हुळ, भुंगा हुळ, अळी हुळ, गांडूळ हुळ, आणि रागावली की मीपण हुळ. आज्जीनं त्यात प्रगती केली होती. तिचे तीन वर्ग होते: चावणारं, खाणारं आणि नुसतंच हिंडणारं. तिसऱ्या वर्गात फुलपाखरं, चतुर आणि माझे वारलेले आजोबा. आप्पांची विभागणी धंद्याची होती. मेंढराला लागणारं आणि न लागणारं. न लागणाऱ्याकडं त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

पण पोरीला पाहिजे म्हटल्यावर आप्पा कामाला लागले. मी होस्टेलवर असले की रानातनं मोबाइलवर फोटो पाठवायचे. फोटोत निम्मा अंगठा, निम्मं रान, आणि खाली त्यांचा आवाज: "ह्यो चालतोय का?" एकदा तर नुसतं रानच होतं. "हुता की," ते म्हणाले, "फोटू काढूस्तोवर उडाला."

पावसाळ्याच्या एका सुट्टीत मी घरी होते. आप्पा संध्याकाळी आले ते काडेपेटी घेऊन. उघडली तर आत टपोरे गोचीड.

"हे घे. ताजे हायत."

"आप्पा, ह्यो किडा न्हाय."

"मग काय हरभरा हाय?"

"पाय मोजा की. आठ हायत. किड्याला सहाच असत्यात. ह्यो कोळ्याच्या, विंचवाच्या भावकीतला."

आप्पांना ते लागलं. "जलमभर ह्येनं माझ्या मेंढरांचं रगत पिलं, नि तू म्हणतीस किडा न्हाय? दोन पाय जास्त हायत म्हणून सुटला व्हय?"

आज्जी भाकरी थापत होती. तिनं तव्यावरनं मान वळवली. "मंजी विंचू नि गोचीड चुलत भाऊ?"

"लांबचे."

"दिसत्यातच. दोगंबी हलकट."

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट उमगली. मॅडम जे वर्गीकरण फळ्यावर रेघा मारून शिकवायच्या ते आमच्या घराला येत होतंच, फक्त ते माणसांना लावत होते. भावकी कुणाची कुणाशी हे ठरवताना आज्जी तोंडावळा बघत नाही. दोन माणसं एकसारखी दिसली म्हणून ती त्यांना भाऊ म्हणणार नाही, आणि एक काळा एक गोरा म्हणून भावांना परकं म्हणणार नाही. ती विचारते, मूळपुरुष कोण? तो एक असला तर भावकी, नाहीतर नुसते शेजारी. कीटकांचंही तसंच. कोण कुणासारखं दिसतं हा प्रश्न दुय्यम. कोण कुणापासून आलं हा खरा प्रश्न.

मी लगेच आज्जीवर प्रयोग केला.

"आज्जी, वाळवी नि मुंगी ह्येंची भावकी न्हाय बरं का."

"आगं, पांढरी मुंगीच की ती."

"दिसायला. दोघीबी घोळक्यानं ऱ्हात्यात, दोघींत राणी असती, म्हणून आपल्याला तसं वाटतं. मुंगीची भावकी गांधीलमाशीशी. वाळवीची झुरळाशी."

आज्जीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "झुरळाशी?"

"व्हय."

"वाळवीला म्हाईत हाय का?"

आप्पांना भावकीपेक्षा दुसराच प्रश्न पडला होता. मी पकडलेला एक नाकतोडा हुबेहूब मातीच्या रंगाचा होता. पंखावर खडे असावेत तसे ठिपके. आप्पा त्याला उलटासुलटा करून बघत होते. "ह्येला रंगवलं कुणी?"

"आप्पा, तुमी पैदाशीला मेंढा ठिवता तवा काय करता?"

"बघून ठिवतो की. दणकट, उंच, चांगल्या लोकरीचा. बाकीचं बाजारात."

"मग पुढची कोकरं?"

"त्याच्यावानी."

"हितं बी तसंच. ज्यो नाकतोडा मातीत दिसला न्हाय, त्यो वाचला. त्याची पिल्लं त्याच्यावानी. असं लाखो वर्सं चाललं की रंग पक्का हुतो."

आप्पांनी विचार केला. "पर हितं मेंढका कोण? निवडतंय कोण?"

"पाखरं. दिसला की टिपत्यात."

"मग त्यो मेंढका न्हवं," आप्पा म्हणाले. "त्यो खाटीक झाला."

बरोबरच होतं. रानात निवड आहे, पण मेंढपाळ नाही. खाटकाच्या हातनं जे उरेल तेवढ्याचीच पैदास. मी हे वाक्य पेपरात लिहिलं असतं, पण आमचा पेपर इंग्रजीत होता आणि खाटकाला तिथं काय म्हणतात ते मला तेव्हा आठवलं नाही.

दिवाळीपर्यंत माझी पेटी भरली. चतुर, नाकतोडे, प्रार्थना करत बसणारा तो हिरवा लांबुडका, शेणकिडे, गांधीलमाशी, ढेकूण (हा होस्टेलातला, फारसं हिंडावं लागलं नाही), दोन पतंग, आणि मधोमध हातभर मिशांचा एक भुंगा, ज्याचा मला आमच्या पैदाशीच्या मेंढ्याइतका अभिमान होता. पेटी मी होस्टेलात खाटेखाली ठेवली. एका सकाळी वॉर्डनबाईंनी झाडू मारताना ती ओढली आणि चतुराशी त्यांची नजरानजर झाली.

"मेलेल्यांना इथं जागा नाही," त्या म्हणाल्या. "जित्यांनाच पुरत नाही."

म्हणजे पेटी घरी न्यायची. माझ्या प्रॅक्टिकलच्या टेबलावर जी जोडीदारीण होती तिला हा प्रश्न नव्हता. ती सोलापुरातलीच, पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. तिच्या वडिलांचे माग. तिच्या पेटीची सोय घरच्या घरी.

"अम्मानं चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलीय," ती म्हणाली. "सोलापुरी चादर आहे. काय होतंय तिला?"

"चादर पांघरून रानात एक दिवस मेंढरामागं काढून दाखव. आमच्या घोंगडीतनं पाऊस आत येत नाही."

"कपाटात पाऊस कशाला येईल, ए?"

तरी घोंगडीची बाजू मी सोडली नाही. दिवाळीच्या सुट्टीत पेटी घेऊन घरी आले. नुकतीच मेंढरं कातरून झाली होती आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात लोकरीचा ढीग छातीएवढा होता. आमच्या घरात जे जे जपायचं ते लोकरीत जातं. नवी अंडी, आजोबांचा रेडिओ, थंडीत झालेलं कोकरू, थंडीत झालेली मी. आज्जीनं घरातली सगळ्यात चांगली काळी घोंगडी काढली, पेटी तिच्यात बाळासारखी गुंडाळली आणि लोकरीच्या ढिगात खोल बसवली. "आता राजा आला तरी घावत न्हाय," म्हणाली. मी निश्चिंत होऊन सोलापूरला गेले.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा पेटी न्यायला आले. त्या वर्षी आप्पा गुडघ्यामुळं लांब गेले नव्हते, कळप गावाजवळच्याच रानांत बसत होता, त्यामुळं सगळे घरी होते. मला वाटलं, सगळ्यांसमोर उघडावी, बघू देत काय केलंय पोरीनं. आज्जीनं ढिगातनं पेटी काढली, घोंगडी सोडली, मी झाकण उघडलं.

आत टाचण्या होत्या. ओळीनं, ऑर्डरप्रमाणे, सरळ उभ्या. खाली चिठ्ठ्यांवर माझ्या वळणदार अक्षरात नावं होती. वर कुणी नव्हतं. आमच्या गावच्या मतदार यादीसारखं, नावं सगळी जागेवर, माणसं गेलेली. तळाला तपकिरी भुसा पडला होता, त्यात इकडं एक पाय, तिकडं एक पंख. भुंग्याच्या नुसत्या मिशा राहिल्या होत्या.

आज्जी सगळ्यात आधी सावरली. "जित्ते झाले नि पळाले!"

"टाचण्या काढून?" आप्पा म्हणाले. "उंदराचं काम हाय."

"झाकण लावून उंदीर?" मी म्हणाले.

अव्वानं वाकून बघितलं. "हुळ," म्हणाली. "हुळानं हुळ खाल्लं."

अव्वा सगळ्यालाच हुळ म्हणायची, त्यामुळं कधी ना कधी ती बरोबर येणारच होती. भुश्यात तांदळाच्या दाण्याएवढी केसाळ अळी वळवळत होती. सगळ्यांनी तिला ओळखलं. "ह्यो तर लोकरीतला किडा," आप्पा म्हणाले. "हिवाळ्यात लोकर राखली की हुतोयच."

मग मला आठवलं. "आज्जी, मी पेटीत डांबरगोळ्या ठिवल्या हुत्या. कुटं गेल्या?"

आज्जी शांतपणे म्हणाली, "माझ्या इरकलीत ठिवल्या. मेलेल्याला कशाला औशीद? माझं लुगडं आजून नेसायचं हाय मला."

आप्पा उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं अंगणातनं कोयत्याचा आवाज यायला लागला. मी दारातनं बघितलं. आप्पा बाभळीचा सरळ दांडा तासत बसले होते. त्यांची स्वतःची काठी भिंतीला टेकलेली होती. ही नवी त्यांच्या काठीपेक्षा बरीच आखूड होती. माझ्या उंचीची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती रिकामी पेटी मांडीवर घेऊन मी कॉलेज गाठलं. मॅडमनी झाकण उघडलं, चष्मा वर सरकवला आणि हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पेटीमुळं नाही, त्या हसल्यामुळं.

"गेली म्हणायची पेटी," त्या म्हणाल्या. "खाल्ली कुणी?"

"लोकरीतल्या किड्यानं."

"तो कोण? त्याची ऑर्डर?"

मला सांगता येईना. माझ्या टेबलाच्या जोडीदारणीलाही येईना, पण तिची पेटी शाबूत होती, तिला कुणी विचारलं नाही.

"तीन वर्षं शिकवलं आणि चोराचं नाव सांगता येत नाही? जा, त्याला पकडून आण. आणि आठवड्यात जे मिळेल ते पेटीत लाव. परीक्षेला बसू देणं माझ्या हातात आहे, तू बस. पास करणं बाहेरून येणाऱ्या सरांच्या हातात."

मी घरी परतले आणि लोकरीचा ढीग अंगणात उन्हात काढला. आज्जीला ते पटत नव्हतं. "लोकर आसली की किडा हुतोय. दूध ठिवलं की नासतंय तसं. त्याला काय बाप आसतोय व्हय?"

"आज्जी, भावकी न्हाय असं काय आसतंय का? कुणीतरी अंडी घातल्याबिगर अळी कुटनं येईल? ह्येचे आईबाप शोधायचे हायत."

"शोध. न्हायतरी तुला काय काम हाय आता."

मी बोटांनी लोकर विंचरत बसले. अळ्या भरपूर निघाल्या. मेलेल्या अळ्या वाटाव्यात अशा हलक्या, पोकळ सालीही निघाल्या, म्हणजे अळी वाढताना टाकते त्या काती. मग एका कातीच्या आत दडलेला कोष मिळाला. आणि दुपारी, खालच्या थरात, नुकताच कोषातनं निघालेला मालक सापडला. तिळाएवढा. गोल पाठ, तिच्यावर पांढरे, पिवळट, तपकिरी ठिपके, गोधडीच्या चिंध्यांसारखे. पाठीवर दोन कडक झाकणं, मधोमध सरळ रेघ. म्हणजे भुंग्याच्या ऑर्डरीतला. कोलिऑप्टेरा. माझ्या त्या मिशाळ भुंग्याची खुद्द भावकी. घरातल्यांनीच घात केला होता.

पण मला हा तिळाएवढा ओळखीचा वाटत होता. याला मी कुठंतरी, पुष्कळ संख्येनं बघितलं होतं. मी उठून परड्यात गेले. आज्जीची कोथिंबीर फुलावर आली होती, आणि त्या पांढऱ्या फुलांवर हेच सगळे बसले होते, परागकण खात, सभ्य माणसांसारखे.

मी आज्जीला हाताला धरून तिथं आणलं. तळहातावर अळी आणि भुंगेरा दोन्ही ठेवले. "ही ह्याची पोर. हाच दारातनं आत येतोय, लोकरीत अंडी घालतोय, नि परत फुलावर जाऊन बसतोय."

आज्जीनं फुलांकडं बघितलं, मग लोकरीकडं. "पर हे तर नुसतंच हिंडणारं हाय. मी ह्येला रोज बघती. कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय."

"त्योच खाणारा बी हाय, आज्जी. ल्हान आसताना."

आज्जीचे दोन वर्ग एका दुपारी एक झाले होते. ती म्हणाली, "मंजी तुझ्या आजोबावर बी ध्यान ठिवाया पायजे हुतं."

पुढचे दिवस सगळं घर किडे पकडत होतं. अव्वा पदरात टोळ घेऊन यायची. आज्जीनं गांधीलमाशी धरली आणि तिच्या चावणाऱ्या वर्गाची खात्री बोटावर करून घेतली. आप्पा जाता येता नाकतोडा, शेणकिडा आणून द्यायचे, आणि परत बसून काठी तासायचे. त्यांची दोन्हीकडनं तयारी होती. दिवाळीच्या पेटीची सर आली नाही. चतुर मिळाला नाही, तसला भुंगा परत दिसला नाही. एक कोपरा रिकामा राहिला. त्या कोपऱ्यात मी लोकरीचा पुंजका चिकटवला, त्याच्यावर अळी, कात, कोष आणि तिळाएवढा भुंगेरा ओळीनं लावले, शेजारी कोथिंबिरीचं वाळलेलं फूल. आणि त्यांच्यापुढं जुनी टाचणी ठेवली, भुंग्याच्या उरलेल्या मिशांसकट.

परीक्षेला बाहेरून आलेले सर जाडजूड होते आणि जेवून आलेले होते. पोरं पेट्या समोर ठेवत, ते वरवर बघून दोन प्रश्न विचारत, सही करत. माझ्या जोडीदारणीची पेटी दुकानातल्यासारखी दिसत होती. सरांनी मान डोलावली. मग माझी उघडली आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय? या टाचणीला नुसत्या मिशा?"

"सर, तो माझा मूळचा संग्रह."

"आणि हा?"

"सर, ज्यानं तो खाल्ला तो हा."

सर खुर्चीत सरळ बसले. मला वाटलं, आता काठी. मी घोंगडीपासून इरकलीपर्यंत सगळं सांगितलं. माझ्या मागं कुणीतरी हसत होतं, बहुतेक मॅडम.

"अळी लोकर खाते आणि मोठा झाल्यावर हा पराग खातो. असं का बरं?" सरांनी विचारलं.

"सर, आईबाप आणि पोरं एका ताटात जेवत नाहीत, म्हणून घासावरनं भांडण नाही. ज्यांचं असं वेगळं झालं ते जास्त टिकले, त्यांची पैदास वाढली."

"आणि लोकरच का? तिच्यात काय गोड आहे?"

"गोड काहीच नाही, सर. लोकर पचवणं सहसा कुणाला येत नाही. म्हणूनच. दुसऱ्या कुणाची मेंढरं ज्या रानात शिरत नाहीत ते रान याला सापडलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "बरं. एक सांग. माणसानं मेंढरं पाळायच्या, घोंगडी विणायच्या आधी हा काय खात होता?"

हे पुस्तकात वाचल्याचं मला आठवत नव्हतं. पण मी मेंढरामागं हिंडलेली होते. रानात मेलेल्या जनावराचं शेवटी काय उरतं, कातडं, केस, वाळकी हाडं, आणि तिथंही बारीक किडे असतात, हे मी घोड्यावर बसून बघितलं होतं.

"रानात मेलेली जनावरं, सर. त्यांची कातडी, केस. पाखरांच्या घरट्यातली पिसं, वाळून मेलेले किडे. हा आमच्या लोकरीत जन्मला असं आमच्या घरात समजतात, पण हा आमच्या फार आधीचा आहे. आम्ही नंतर आलो आणि त्याच्यासाठी ढीग घालून ठेवला."

सरांनी सही केली. पेटी बंद करताना म्हणाले, "डांबरगोळ्या विकत घे."

व्हरांड्यात माझी जोडीदारीण भेटली. "ए, चादरीत ठेवली असतीस तर?" ती म्हणाली. "सुती असती. किडा आलाच नसता." शास्त्राच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं. मी म्हणाले, पण चादरीतनं पाऊस येतो.

निकाल लागला तेव्हा त्या प्रॅक्टिकलला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. नीटनेटकेपणाचे. मी फोनवर आप्पांना सगळे विषय वाचून दाखवले. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "मंजी पास का नापास त्ये सांग की."

"पास."

पलीकडं आप्पांनी मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाले, "काठी चांगली झाली हुती." त्यांच्या गुडघ्याचं मला ठाऊक होतं. पुढं कळपामागं हात द्यायला त्यांनी माझ्या एका मावसभावाला बोलावून घेतलं.

ती काठी आज्जीला बेताची बसली. ती धरून ती परड्यात जाते आणि कोथिंबिरीवरच्या ठिपकेवाल्यांना हाकलते. त्यांना तिनं आता नवा, चौथा वर्ग काढून दिलाय: नुसतंच हिंडणारं म्हणून फसवणारं. लोकर आम्ही उन्हात घालून, झटकून ठेवतो. इरकलीतल्या डांबरगोळ्या मात्र इरकलीतच आहेत.

मी प्राणिशास्त्राची बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.